ताईला एमएस, आता बीपी-शुगर पण! किती वर्षं? मदत हवी आहे

पऱ्हाटीवाला:
ताईला एमएस आहे. परवा बीपी निघाला, शुगर २८०. भाऊजी तर हातपाय गाळून बसले. नेटवर पाहिलं तर 'सात वर्षं' लिहून आहे. खरं काय ते सांगा. 'डॉक्टरला दाखवा' सांगू नका, तिथूनच आलो.

ओलिताचं_वावर:
घाबरू नका भाऊ. आमच्या काकाजीलेही एमएसच होतं. नागपूरले बलून टाकून वाल्व्ह मोकळा केला. आता वखर हाकून राहिले.

पऱ्हाटीवाला:
वाल्व्हचं नाही जी! मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदू आणि मणक्यातल्या नसांचा.

सिस्टर_वर्धा:
वय किती? चालते का? औषध कोणतं? शुगर कधी तपासली, स्टिरॉइडच्या सलाइननंतर का? काहीच न सांगता वर्षं काय मोजायला लावता?

पऱ्हाटीवाला:
४४. काठी घेऊन चालते. कॅप्सूल सुरू आहे, नाव भाऊजींना माहीत. सलाइन लागली होतीच, पाय जड झाले म्हणून. त्याच आठवड्यात शुगर पाहिली.

जुना_सभासद:
सात वर्षं उरली असा अर्थ नाही त्याचा. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातला २०१५ चा अभ्यास आहे. एमएसवाल्यांचं आयुर्मान साधारण ७६ आलं, बाकीच्यांचं ८३. फरक तेवढा. मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसाचे जुने आजार, नैराश्य यांनी धोका वाढतो, पण तो एमएस नसलेल्यांचाही वाढतो. आणि यातल्या बहुतेकांवर आपल्या तालुक्यातही इलाज होतो. ताईची झोप, मन कसं आहे ते कोणी विचारलं का?

जवस_ज्वारी:
गहू बंद करा. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. आमच्या वहिनीनं तीन महिन्यांत सगळ्या गोळ्या फेकल्या.

सिस्टर_वर्धा:
भाकर खुशाल खा. गोळ्या फेकायचं इथं कोणाला शिकवू नका. वहिनीला एमएस होता का?

जवस_ज्वारी:
संधिवात होता. पण मूळ पोटातच असते ना बाप्पा. तुम्ही अॅलोपॅथीवाले ऐकणारच नाही.

कागदपत्र_भाऊ:
यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं का? २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत एमएस आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते.

ओलिताचं_वावर:
उन्हानंही पाय जड होतात का जी? आमच्याकडं ४५ आहे न् दुपारभर लाईन नाही. कूलर नुसता शोभेला.

सिस्टर_वर्धा:
होतात. एमएसमध्ये उष्णतेनं त्रास तात्पुरता वाढतो, अंग थंड झालं की उतरतो. लघवीच्या इन्फेक्शननंही तसंच होतं. पऱ्हाटीवाले, लघवीला जळजळ?

पऱ्हाटीवाला:
आहे, बरेच दिवसांपासून. पाणीच कमी पिते, सारखं उठावं लागते म्हणून. त्याचा न् एमएसचा काय संबंध?

सिस्टर_वर्धा:
अहो, हेच आधी सांगायचं! एमएसमध्ये माणूस दगावतो त्यात इन्फेक्शनचा वाटा मोठा असतो. लघवीची तपासणी आणि कल्चर उद्याच करा. ताप-थंडी असेल तर आजच हलवा. स्टिरॉइडनं शुगर वाढतेच, म्हणून एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करा, जुनी शुगर आहे का कळेल. कॅप्सूल फिंगोलिमॉड असेल तर तिनं बीपी वाढू शकतो, आणि शुगर असली तर डोळ्याचा पडदाही तपासावा लागतो. मनानं बंद मात्र करू नका. नाव टाका आधी.

पऱ्हाटीवाला:
भाऊजी फोन उचलून नाही राहिले. भाचीला पाकिटाचा फोटो मागतो. ताप नाही म्हणते.