"सोलापूर ४८ अंशांवर!" हे हवामान खात्यानं कधी सांगितलं?

मास्तर_रिटायर्ड
कालपासून माझ्या चार ग्रुपवर एकच बातमी फिरायलीय. "सोलापूरकरांनो सावधान! पुढचे पाच दिवस उष्णतेची लाट, पारा ४८ पार, हवामान खात्याचा रेड अलर्ट." शेजारी डोळे वटारलेला सूर्य. बार्शीच्या मेहुणीनं ती वाचून साखरपुड्याला येणं रद्द केलं, तेव्हा चिडून खात्याचं मूळ पत्रक उघडलं. त्यात एवढंच आहे की मध्य महाराष्ट्रात कमाल तापमान हळूहळू २ ते ३ अंशांनी वाढण्याची शक्यता. काल आपल्याकडं ४० होतं. चौथीतलं पोरगंसुद्धा ४२-४३ सांगेल. ४८ कुठून काढलं?

रेड अलर्टची तर गंमतच. बातमीत जो लालभडक नकाशा लावलाय तो एप्रिल ते जूनच्या हंगामी अंदाजाचा आहे. त्यात रंग गडद म्हणजे तापमान जास्त, असं नसतं. सरासरीपेक्षा वर राहण्याची शक्यता जास्त, एवढंच. अर्धा अंश वर राहिलं तरी तो अंदाज खरा ठरतो.

आणि लाट. मैदानी भागात किमान ४० हवं आणि वर सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, नाहीतर सरळ ४५. तेही हवामान खात्याच्या उपविभागातल्या (आपला मध्य महाराष्ट्र) निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. किनारपट्टीला चाळीसऐवजी ३७ पुरतं. आपली मे महिन्यातली सरासरीच चाळिशीच्या घरात, त्यामुळं सोलापुरात ४३ ला लाट नसते आणि मुंबईत ३८ ला असू शकते. रोज उठून लाट लाट ओरडलं तर खरी आल्यावर कोण ऐकणार?

अण्णा_अशोकचौक
मास्तर नमस्कार. गणित बरोबर आहे तुमचं. आता ते थर्मामीटर कुठं असतंय तेपण सांगा की लोकांना. पांढऱ्या झडपांच्या पेटीत, मोकळ्या जागी, जमिनीपासून वर, सावलीत. आमचा कारखाना पत्र्याचा. आठ माग. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या लावून फरशीवर पाणी मारतो. वर पत्रा, खाली वाफ, मध्ये माणूस. मागच्या आठवड्यात आमचा एक कामगार दुपारी अडीचला मागाजवळच खाली बसला. कांडी हातातच. "अण्णा, डोळ्यापुढं काळं यायलंय" म्हणाला. त्या दिवशी ४१ होतं. तुमच्या हिशेबानं लाट नव्हती. त्याला काय सांगू, नियमात बसत नाहीस म्हणून?

मास्तर_रिटायर्ड
अण्णा, पत्र्याखाली ४८ असेल तर "पत्र्याखाली ४८" असं छापा. मीच चार जणांना पाठवतो. खात्याच्या नावावर का खपवायचं?

रात्रपाळी_सिस्टर
सर, राग मानू नका, पण तुमची तक्रार निवांत माणसाची आहे. मी वॉर्डात असते. म्हातारी बाई आणतात, घाम थांबलेला, अंग तव्यासारखं, मुलाला ओळखत नाही. मुलगा म्हणतो, "काही नाही ओ, नुसती अंगणात शेंगा फोडत बसली होती." खारघर आठवा. १६ एप्रिल २०२३, पुरस्काराचा कार्यक्रम, १४ जण गेले. तिथं पारा काही ४५ ला नव्हता. दमट हवेत लोक तासन् तास उघड्यावर बसले होते. बातमीनं घाबरून चार म्हाताऱ्या घरात बसल्या तर मला ४८ चालेल, ५८ पण चालेल.

बेदाणा_पंढरपूर
घाबरवून माणसं वाचत असतील ताई, आमचा माल गेला. गेल्या एप्रिलची गोष्ट. ग्रुपवर आलं, "सोलापूर जिल्ह्याला यलो अलर्ट, सूर्य आग ओकणार." म्हटलं ओकू दे, बेदाणा एक दिवस आधी वाळेल. शेडच्या कडेचे कागद वर गुंडाळून ठेवले. संध्याकाळी साडेपाचला आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग आडवा पाऊस. कागद सोडेपर्यंत कडेच्या रॅक भिजल्या. यलो अलर्ट होता हो, पण वादळी वाऱ्यासह पावसाचा! बातमी करणाऱ्यानं एप्रिल बघितला, यलो बघितला आणि सूर्य चिकटवला. चार दिवसांनी माल हातात घेतला तर चिकट आणि काळपट. हिरवा म्हणून जपलेला, काळ्याच्या भावात दिला. मूळ पत्रक बघितलं नाही ही माझी चूक. अर्धी.

पंचांगकाका_बाळीवेस
यात एक विचारतो. हा "नवतपा" कुठून आला? आमच्या घरात रोहिणी लागायची, मग मृग लागायचा, एवढंच माहीत. आता २५ मे आला की मराठी चॅनेलवरही नवतपा, नऊ दिवस पृथ्वी तापणार. उन्हाळासुद्धा हिंदीतून यायलाय.

तापलेला_डांबर
काका झोपा. खरं सांगतो, खातंच कमी दाखवतंय. माझ्या ॲपवर आत्ता ४४ आहे, खात्याचं ४१. ४५ दाखवलं तर सुट्टी द्यावी लागते, म्हणून ४४.९ वर थांबवतात. सगळ्यांना माहितीय.

मास्तर_रिटायर्ड
काय सगळ्यांना माहितीय बे? ॲपचा आकडा इथल्या थर्मामीटरचा नसतो. संगणकानं आसपासच्या माहितीवरून काढलेला अंदाज असतो तो. शिवाय तू "फील्स लाईक", म्हणजे ओलावा धरून अंगाला जाणवणारा आकडा, बघत असशील. आणि खात्याला लपवायचंच असतं तर २९ मे २०२४ ला दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ आलं ते बाहेर का येऊ दिलं? देशभर मथळे झाले. नंतर तपासलं तर सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता, हेही खात्यानंच सांगितलं. मथळा सगळ्यांनी वाचला, दुरुस्ती कुणी वाचली?

तापलेला_डांबर
म्हणजे खात्याचं यंत्र चुकतं हे मान्य. धन्यवाद मास्तर.

मास्तर_रिटायर्ड
तुला शाळेत कोण होतं रे शिकवायला?

जुळे_सोलापूर_वहिनी
भांडा तुम्ही. सिस्टर म्हणतात घरात बसा. बसलो. घरात कूलर आहे, त्याची टाकी चाळीस लिटरची, दिवसात दोनदा भरावी लागते. आणि नळाला पाणी पाच दिवसांनी. म्हणजे पाच दिवसांत चारशे लिटर नुसतं हवेत. मग सासूबाई म्हणतात, कूलर लावू की भांडी घासू? ज्यांना इशारे द्यायचेत त्यांनी आधी पाणी कधी येणार त्याचा इशारा द्यावा. तो अंदाज तर कधीच बरोबर येत नाही.

विजापूर_रोड_बाप्पा
वहिनी, पाणी येतं. तुमच्यापर्यंत पोचत नाही, कारण बोळातल्या पहिल्या चार घरांनी नळाला थेट मोटर लावलेली असते. आमच्याकडं एक जण कूलरसाठी मोटर लावतो आणि उरलेल्या पाण्यानं गाडी धुतो. मे महिन्यात!

जुळे_सोलापूर_वहिनी
आमच्या घराला मोटर नाही. बघायला या.

विजापूर_रोड_बाप्पा
तुमचं नाव कुठं घेतलं मी?

जुळे_सोलापूर_वहिनी
मग "वहिनी" म्हणून कशाला सुरुवात केली? ज्यांना मोटर लावून प्यायचंय त्यांनी प्या. आम्ही रात्री तीनला उठून घागरी लावतो. दोन बादल्या भरल्या की धार करंगळीएवढी होते. आणि तुमच्यासारखे सकाळी विचारतात, पाणी कसं होतं काल.

अण्णा_अशोकचौक
मोटरचं सोडा. बोअर मारलेल्यांचं बोला. आमच्या शेजारी सहाशे फूट. माझ्या बोअरला आता नुसता वारा येतोय. कारखान्यात मारायला टँकरचं पाणी विकत घेतो मी.

पंचांगकाका_बाळीवेस
सहाशे फूट म्हणजे काय हो, आमच्या आडाला...

रात्रपाळी_सिस्टर
काका, आडाचं नंतर. धागा उन्हाचा होता.

बेदाणा_पंढरपूर
उन्हाचाच चाललाय ताई. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली, गेलं की आमच्याकडं उन्हाची बातमी वाचायची गरज नसते.

जुळे_सोलापूर_वहिनी
आणि मास्तर, एक सांगते. ४२ ला कूलर मस्त चालतो, कोरडी हवा असते. मागच्या मेमध्ये दोन दिवस ढग आले, पारा ३८ वर उतरला. बातमी आली, "सोलापूरकरांना दिलासा." कसला दिलासा! कूलर लावला की गादीसुद्धा चिकट. सासूबाईंना रात्री दीडला घाम फुटून धाप लागली, रिक्षा शोधत फिरलो. ४३ ला काही झालं नव्हतं त्यांना.

रात्रपाळी_सिस्टर
हेच म्हणतेय मी. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, आकडा कितीही असो.

मास्तर_रिटायर्ड
हे मी मान्य करतो. लाटेची व्याख्या फक्त कमाल तापमानावर उभी आहे, ती ओलावा बघत नाही, पत्रा बघत नाही. अण्णांचा माणूस आणि वहिनींच्या सासूबाई त्यात येत नाहीत. पण मग ४८ लिहून काय साधलं? उलट ३८ चा "दिलासा" छापणारेही हेच! सिस्टर, तुम्हाला ५८ चालेल म्हणालात, त्या ५८ वाल्याला ३८ मध्ये धोका दिसणारच नाही.

रात्रपाळी_सिस्टर
...ठीक आहे. ५८ मागे घेते. ४८ चं बघू.

तापलेला_डांबर
मास्तर हरले, लिहून घ्या.

मास्तर_रिटायर्ड
तू उद्या दुपारी दोनला सात रस्त्यावर टोपी न घालता उभा राहा, मग बघू कोण हरलं. अण्णा, तो कामगार कसा आहे?

अण्णा_अशोकचौक
बरा आहे. दोन दिवस घरी ठेवला. आता दुपारची पाळी बंद केलीय, पहाटे पाच ते अकरा आणि सहानंतर. धंदा बसतोय, पण बघू. बातमी वाचून नाही केलं हां मास्तर, पोरगं डोळ्यासमोर बसलं म्हणून केलं.

मास्तर_रिटायर्ड
मेहुणीला मूळ पत्रक पाठवलं. म्हणाली, "दाजी, ते इंग्रजीत आहे."

जुळे_सोलापूर_वहिनी
पाणी सुटलंय. बाप्पा, बारीक धार आहे. तुमच्या त्या गाडीवाल्याला सांगा.