मदत हवी आहे: पियानो ऑडिशनसाठी कोणता फ्यूग निवडू?

संगीत पदवीच्या प्रवेशासाठी सहा आठवड्यांत व्हिडिओ पाठवायचा आहे. बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' या दोन भागांच्या संग्रहातला एक प्रेल्यूड (आधी वाजणारी छोटी रचना) आणि फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत पाठोपाठ येते अशी रचना) सक्तीचा आहे. स्वरलिपी न बघता, पाठ वाजवायचा, मध्ये कुठेही कट न करता. क्लासिकल सोनाटा आणि एट्यूड (तंत्र दाखवणारी रचना) तयार आहेत, त्यांची काळजी नाही.

अडलंय ते फ्यूगपाशी. संग्रहाच्या पहिल्या भागातला सी शार्प मायनर फ्यूग मी वर्षभर बसवतोय. पाच आवाजांचा (म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या पाच स्वतंत्र सुरावटींचा), 115 बारचा (बार म्हणजे मात्रांचा ठराविक गट). मनापासून आवडतो. पण दहापैकी चार वेळा मध्यावर आतल्या आवाजांत स्मरण तुटतं, आणि एकदा तुटलं की सावरता येत नाही. त्याच भागातला सी मायनर (तीन आवाज, 31 बार) मात्र झोपेतून उठवलं तरी न चुकता वाजवेन.

प्रत्येक आवाज वेगळा गाऊन पाहिला, कुठल्याही बारपासून सुरुवात करण्याचा सराव केला, पियानोपासून दूर बसून नुसती स्वरलिपी डोळ्यांसमोर आणली. चुका कमी झाल्या, थांबल्या नाहीत. गुरुजी म्हणतात, निर्णय तुझा. घरी डिजिटल पियानो आहे, खरा पियानो आठवड्यातून दोनच तास मिळतो. व्हिडिओवरून निवड झाली तर प्रत्यक्ष ऑडिशनलाही हेच वाजवावं लागेल, नंतर बदल चालत नाही.

ज्यांनी स्वतः अशी ऑडिशन दिली किंवा घेतली आहे त्यांना विचारतोय: सी मायनर फार जण वाजवतात म्हणून परीक्षकांच्या नजरेत तो खरंच कमी ठरतो का, की स्वच्छ वाजवलेला सोपा फ्यूग डळमळत्या अवघडापेक्षा वर धरतात?