फाटका क्यूआर कोड चालतो कसा?

भाजीवाल्या मावशींचा मळका, एक कोपरा फाटलेला क्यूआर कोड फोनने झटक्यात कसा वाचला, असं एकाने विचारलंय. क्यूआर कोडमध्ये मूळ मजकुरासोबत दुरुस्तीची जादा माहितीही भरलेली असते. या दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर कोडचा साधारण ३० टक्के भाग गेला तरी चालतं. कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात; फाटलेला कोपरा बहुधा चौकोन नसलेला, चौथा असणार. ते तीन चौकोन मात्र शाबूत हवेत, त्यांच्यावरूनच फोन कोड ओळखतो.

मला खरं कौतुक त्या चौकोनांचं. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने मासिकं, पत्रकं, खोकी चाळून छापील मजकुरात सहसा न आढळणारं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण हुडकलं: १:१:३:१:१. कोड झूम करून बघा, चौकोनाच्या मधोमध कुठूनही रेघ मारली तरी तेच प्रमाण मिळतं. म्हणून फोन उलटा धरला तरी बिघडत नाही.