शब्दचर्चा : 'जर्नीमन' बचावपटूला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (मडगाव)
फुटबॉलमधल्या एका बचावपटूवरचा इंग्रजी लेख मराठीत आणतोय. बरेच क्लब बदललेला, स्टार कुठेच न झालेला, पण प्रत्येक प्रशिक्षकाला संघात हवाच असा खेळाडू. लेखात त्याला 'जर्नीमन डिफेंडर' म्हटलंय. मी 'फिरस्ता बचावपटू' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'भटका' केलं. दोन्ही खटकतं. काय लिहू?

प्रतिसाद (म्हापसा)
'भटका' आधी काढा, त्यात त्या माणसाचा अपमान आहे.

'जर्नी' वाचून प्रवास डोळ्यांसमोर येतो, पण मुळातला फ्रेंच शब्द 'दिवस' या अर्थाचा. उमेदवारी संपली, हातात पुरतं कसब आलं, पण स्वतःचा कारखाना नाही, म्हणून दुसऱ्याकडे दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर तो जर्नीमन. पोर्तुगीजमध्ये रोजावरच्या मजुराला 'जोर्नालेइरो' म्हणतात, तिथेही मूळ दिवसाचंच. आपल्या 'रोजंदारी'तला फारसी 'रोज' म्हणजे दिवसच. शिकाऊ आणि मेस्त, म्हणजे उस्ताद कारागीर, यांच्या मधला हा माणूस.

केवळ क्लब किती बदलले यावरून हा शब्द ठरत नाही. आपला महेश गवळी घ्या. चर्चिल ब्रदर्स, ईस्ट बंगाल, धेंपो अशी त्याची वाट. २००३ साली ईस्ट बंगालने जकार्त्यात आसियान क्लब स्पर्धा जिंकली त्या संघात तो होता, पुढे धेंपोबरोबर आय-लीग ही तेव्हाची देशातली अव्वल साखळी स्पर्धाही जिंकली. क्लब बदलले म्हणून त्याला कोणी जर्नीमन म्हणणार नाही, तो देशाच्या बचावफळीचा कणा होता. इंग्रजीत हा शब्द थोडा खालच्या पायरीवरचा आहे, आणि तुमच्या लेखकाने तो कौतुकाने वापरला असेल तर 'भरवशाचा' हा भाव मराठीत वेगळा घालावा लागेल.

प्रतिसाद (फोंडा)
मग 'रोजंदार बचावपटू' का नको? व्युत्पत्तीला धरून आहे.

प्रतिसाद (म्हापसा)
व्युत्पत्ती जुळते, अर्थ हुकतो. मराठीत 'रोजंदारीवरचा' म्हटलं की कायम नसलेला, उद्या काढून टाकता येईल असा माणूस डोळ्यांसमोर येतो. काही जण तर पाट्या टाकणाराही समजतील. 'बारा गावचं पाणी प्यालेला' म्हणाल तर त्यात बेरकीपणा येतो. 'अनुभवी' खोटं नाही, पण वर्तमानपत्रांत प्रत्येक तिशीतला खेळाडू अनुभवीच असतो.

माझं मत 'कसलेला'. कसलेला पैलवान, कसलेला गवई म्हणतो तसा. कसाला लागून उतरलेला, हा अर्थ त्यात आहे, आणि नामवंत असण्याची अट नाही. क्लब बदलण्याचा भाग मात्र विशेषणात कोंबू नका, क्रियापदावर सोपवा : 'जिथे गेला तिथे जागा राखली.' बचावपटूच्या बाबतीत 'जागा राखणे' अक्षरशः खरं आहे. चांगला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, चेंडूमागे धावत सुटत नाही. समोरचा फॉरवर्ड खांदा हलवून फसवायला बघतो, तेव्हा हा आधी पाय टाकत नाही. त्याला कडेला ढकलत नेतो आणि चेंडू पायापासून जरा लांब पडला की मगच काढून घेतो. त्या क्षणाला टाळी कोणी वाजवत नाही.

क्लब बदलण्याचं कारणही लिहा. आपल्याकडे क्लब नेहमी खेळाडूच सोडतो असं नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. अशा वेळी नवा संघ शोधणाऱ्याला 'फिरस्ता' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्नकर्ता (मडगाव)
पटलं. मथळ्यात 'कसलेला बचावपटू' घेतो आणि पहिल्याच परिच्छेदात जागा राखल्याचं वाक्य. 'स्टॉपर' तसाच ठेवू ना?

प्रतिसाद (म्हापसा)
ठेवा. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर सामना बघणारा प्रत्येक जण स्टॉपरच म्हणतो.