शब्दचर्चा: बाहेर बसलेल्या भिडूला काय म्हणायचं?

तळ्यातमळ्यात:
माझा भाचा सहावीत आहे, मराठी माध्यमात. सध्या 'फायनल फँटसी ६' हा व्हिडिओ गेम खेळतोय आणि इंग्रजी मेनूत अडतोय, म्हणून मी त्याला एका वहीत मराठीतून टिपणं काढून देतेय. हिट पॉइंटला 'जीव', मॅजिक पॉइंटला 'मंत्रबळ', इथवर बरं चाललं होतं. पुढे एका शब्दाने वाट अडवली. या खेळात १४ पात्रं आपल्याकडे येऊ शकतात, पण लढाईत एका वेळी चारच उतरतात. बाकीची उडत्या जहाजावर बसून राहतात. या बसून राहणाऱ्यांना काय म्हणावं?

मी 'राखीव सदस्य' लिहिलं होतं. भाचा म्हणाला, "म्हणजे एसटीच्या सीटवर लिहिलेलं असतं ते?" विधानसभा सदस्यांसाठी राखीव! तेव्हापासून मलाही तो शब्द लिहिताना हसू येतं.

वाक्यं अशी आहेत: "गुहेत शिरण्याआधी ____ची चिलखतं आणि अंगठ्या काढून घे, जे लढणार आहेत त्यांना घाल." "____कडे दुर्लक्ष करू नकोस, शेवटच्या मनोऱ्यात तीन तुकड्या लागतात." सुचवा.

शुद्धमती:
'राखीव' शब्दात काही चूक नाही. कबड्डीत सात जण मैदानात आणि पाच राखीव, हे आपण लहानपणापासून ऐकतो. घोळ 'सदस्य'ने केलाय. 'राखीव खेळाडू' करा.

तळ्यातमळ्यात:
पण खेळाडू तर भाचाच ना? कंट्रोलर त्याच्या हातात. 'राखीव पात्र' म्हणावं, तर आईला वाटेल घरात पाहुण्यांसाठी नवी पातेली आणलीत.

गल्लीबोळ:
भिडू! राखीव भिडू! लगोरी असो, विटीदांडू असो, आपण भिडूच वाटून घेत होतो. 'सदस्य' समितीत असतो, भिडू आपल्या बाजूने खेळतो.

अवांतर: हल्ली 'भिडू' म्हटलं की लोकांना जॅकी श्रॉफच आठवतो. त्याला इलाज नाही.

तळ्यातमळ्यात:
'भिडू' पक्का. अर्धं काम झालं. आता 'राखीव'चं बघा.

सिलीपॉइंट:
एवढी चर्चा कशाला? 'बारावा गडी' आहे की आयता.

शुद्धमती:
बारावा गडी क्षेत्ररक्षण करतो, पाणी नेतो. त्याला फलंदाजीही नाही आणि गोलंदाजीही नाही. इथे आत घेतलेलं पात्र पूर्ण ताकदीने लढतं. क्रिकेटचंच हवं असेल तर आयपीएलमधला २०२३ पासूनचा इम्पॅक्ट प्लेअर (सामन्याच्या मध्येच आत येऊन फलंदाजी-गोलंदाजीही करू शकणारा) जवळचा, पण त्याला मराठी शब्द शोधायला आणखी एक धागा काढावा लागेल.

तोक्योकर:
जपानी लोक काय म्हणतात ते सांगतो, कारण ही सोय लोकप्रिय केली ती त्यांच्याच खेळांनी. 'ड्रॅगन क्वेस्ट ३' (१९८८) मध्ये एक दारूचा गुत्ता आहे. नको असलेला साथीदार तिथे सोडायचा, हवा तो तिथून उचलायचा. 'ड्रॅगन क्वेस्ट ४' (१९९०) मध्ये घोडागाडी आली. चौघे पुढे चालतात, उरलेले गाडीत. मोकळ्या रानात लढाईच्या मध्येच गाडीतला माणूस खाली उतरवता येतो, पण अरुंद गुहेत गाडीच शिरत नाही, मग आहेत त्या चौघांवर निभवायचं. कुणाला गाडीत ठेवायचं हा तिथला खरा डोक्याला ताप.

रोजच्या बोलण्यात मात्र ते अशा पात्राला 'निगुन' म्हणतात. शब्दशः 'दुसरं सैन्य', पण तो आलाय बेसबॉलमधून: मुख्य संघात जागा न मिळालेल्यांचा दुय्यम संघ. इंग्रजीवाल्यांचं 'बेंच'ही मैदानावरूनच आलं. म्हणजे ज्याने त्याने आपल्या मैदानावरचा शब्द उचललाय. 'भिडू' निवडलात ते त्याच वाटेने झालं.

गिरणगावकर:
मी हे खेळ खेळत नाही, मुलगा खेळतो. पण शब्द तुमच्यासमोर पडलेला आहे आणि कुणी उचलत नाही म्हणून लिहितो. बदली.

आमचे वडील कापड गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामात, बदलीवर होते. बदली म्हणजे सरकारी बदली नव्हे. बदली कामगार रोज सकाळी भोंग्याच्या आधी गिरणीच्या दारात कार्ड घेऊन उभा राहायचा. कायम माणूस कामावर आला नाही तर त्याच्या साच्यावर (मागावर) याला घ्यायचे. सगळे कायम हजर असले की याने घरी परत यायचं, त्या दिवसाचा पैसा नाही. वडील डबा न उघडता परत आले की आई काही विचारायची नाही. तोच डबा दुपारी आम्ही खायचो.

मुलाला विचारलं, जहाजावर बसलेल्याला काही मिळतं का रे? तो म्हणाला, काही नाही, लढला त्यालाच अनुभवाचे गुण, त्यांनीच बळ वाढतं. मग तो राखीव कसा? राखीव म्हणजे राज्य राखीव पोलीस दल. त्या जवानाला बंदोबस्ताला बोलावलं नाही तरी पगार चालू असतो. तुमचा जहाजावरचा माणूस बदलीवाला आहे.

तळ्यातमळ्यात:
काका, दंडवत. हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. खरंच, जहाजावरच्यांना या खेळात छदाम मिळत नाही. म्हणूनच शेवटच्या मनोऱ्यात फजिती होते. चौघे तयार आणि बाकीचे तिथे नेल्याबरोबर आडवे.

गल्लीबोळ:
काकांची कसोटी लावून बघितली तर खेळांची वाटणीच होते. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये चौघे फिरतात, बाकीचे छावणीत. पण अनुभव सगळ्यांना सारखा, छावणीत झोपा काढणाऱ्यालाही. ते खरे राखीव. 'क्रोनो ट्रिगर' (१९९५) मध्ये तिघे लढतात, उरलेले काळाच्या टोकाला एका दिव्याखाली थांबतात. त्यांना अनुभव मिळतो पण कमी वाट्याने, आणि नवे डाव शिकायचे गुण अजिबात नाहीत. याला सरकारी मराठीत तयार शब्द आहे: अर्धपगारी रजा. (हलकेच घ्या. वाटा नेमका अर्धा नाही.)

सिलीपॉइंट:
छावणीतल्यांना 'बाजारबुणगे' म्हणा की.

गल्लीबोळ:
नको हो. बुणगे लढत नसत, हे लढतात. शिवाय बुणगे म्हटलं की पानिपत आठवतं आणि चर्चा तिकडे वळते. तसे धागे आधीच भरपूर आहेत.

नऊपाटी:
खो-खोवाल्यांची आठवण कुणालाच नाही म्हणून मीच येते. 'फायनल फँटसी १०' (२००१) घ्या. सात जण, रिंगणात तीन. पण आपली पाळी आली की एक बटण दाबून उभ्या माणसाच्या जागी बाहेरचा कुणीही आणता येतो आणि तो लगेच वार करतो. वर नियम असा, की त्या लढाईत एकदा तरी हात चालवला त्यालाच गुण. त्यामुळे आम्ही काय करायचो? प्रत्येकाला एकेकदा आत घ्यायचो, काहीतरी करायला लावायचो आणि बाहेर काढायचो. हा सरळ खो आहे. "याला खो दे, तिला उठव." मी आणि भाऊ शेजारी बसून हेच ओरडायचो.

आता शब्दाचं. खो-खोत पाटीवर बसलेले आठ जण राखीव नसतात. ते खेळातच असतात, फक्त बसलेले. राखीव गडी मैदानाबाहेर. 'दहा'मधले चौघे पाटीवरचे आहेत, 'सहा'मधले मैदानाबाहेरचे. दोघांना एकच शब्द लावला तर भाचा पुढचा खेळ खेळताना फसेल.

शुद्धमती:
हे पटलं. आणि अदलाबदलीला 'खो देणे' हे क्रियापद फुकटात मिळालं.

पन्हाळकर:
सगळे आत-बाहेर करण्यात अडकलेत. बाहेर राहणं हेच ज्याचं काम, त्याला काय म्हणाल? 'सुईकोडेन' (१९९५) मध्ये १०८ जण गोळा करायचे असतात. लढायला सहाच. उरलेले किल्ल्यात दुकान मांडतात, हत्यारांना धार लावतात, काही नुसते गप्पा मारतात. किल्ला भरत जातो तीच मजा. शिवाय मागे पडलेल्या माणसाला दोन-चार लढायांना नेलं की तो झपाट्याने बरोबरीला येतो, त्यामुळे कुणी वाया जात नाही.

दुसरं उदाहरण 'मास इफेक्ट २' (२०१०). शेवटच्या मोहिमेत नायकाबरोबर दोघेच आत जातात, बाकीचे मागे दार धरून ठेवतात. तुम्ही दांडगेच बरोबर नेलेत तर मागे उरतात शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ, आणि त्यांच्यातला कुणीतरी मरतो. मागच्यांच्या बळाची सरासरी काढली जाते, तुम्हाला न सांगता. मी पहिल्या खेपेला म्हातारा मॉर्डिन असाच घालवला. आत पराक्रम गाजवून बाहेर आलो तर हा पडलेला. ते लोक राखीवही नाहीत आणि बदलीही नाहीत. ती गडाची शिबंदी आहे. शिबंदी कमी ठेवून स्वारीवर गेलात तर गड पडणारच.

गिरणगावकर:
शिबंदी चांगला शब्द आहे. मुलाला सांगितला. त्याला माहीत होता, कुठून कोण जाणे.

गल्लीबोळ:
एक राहिलं. बाहेर बसून बसून इतका मागे पडलेला, की आत घेतला तरी कुणी जमेत धरत नाही, त्याला?

नऊपाटी:
कच्चं लिंबू. यावर चर्चाच नको.

सिलीपॉइंट:
+१. आणि पोकेमॉनमध्ये सहाच्या वर पकडलेला प्रत्येक प्राणी पेटीत जाऊन पडतो, तो 'माळ्यावर टाकलेला'. माझ्या माळ्यावर शेकडो असतील. एकालाही परत खाली आणलं नाही. आमच्या घरच्या माळ्याचीही हीच गत.

तळ्यातमळ्यात:
सगळ्यांचे आभार. वहीत आत्ता असं लिहिलंय: "गुहेत शिरण्याआधी बदली भिडूंची चिलखतं आणि अंगठ्या काढून घे. बदली भिडूंना अधूनमधून लढायला ने, नाहीतर शेवटी कच्ची लिंबं घेऊन मनोरा चढावा लागेल." 'खो' आणि 'शिबंदी' मागच्या पानावर लिहून ठेवलेत, पुढच्या खेळांसाठी.

तळ्यातमळ्यात:
ताजी खबर. भाच्याने आज 'बदली भिडू' खोडून सगळीकडे 'जहाजावरचे' केलंय. म्हणतो, "मावशी, ते जहाजावरच आहेत ना, मग तसंच लिही की."

पन्हाळकर:
हे अर्ध्या खेळापर्यंतच चालेल. तिथे जग कोसळतं, जहाज जातं आणि सगळे भिडू चहूकडे विखुरतात. एकटीने सुरुवात करून एकेकाला हुडकत फिरावं लागतं. तेव्हा त्यांना 'जहाजावरचे' कसं म्हणणार?

तळ्यातमळ्यात:
हळू बोला! तो अजून तिथवर पोचलेला नाही, आणि हा धागा तोही वाचतो.