नवीन पळणाऱ्यांनो, अंतर वाढवताना पाय कसे सांभाळता? (अनुभव धागा)

रामबागकर
कपाट आवरताना दाराला आतून चिकटवलेला पेन्सिलीचा जुना तक्ता निघाला. बारा आठवड्यांचा, पहिल्याच रकान्यात "पळणे १ मिनिट". सकाळी इंदूरच्या रीजनल पार्कात नवी मंडळी पहिल्याच दिवशी सुसाट सुटलेली पाहिली, म्हणून तो इथे उतरवतो. जाणकारांनी भर घालावी.

आठवड्यातून ३ दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. दर वेळी आधी ५ मिनिटं भरभर चाल.
आठवडा १ आणि २: १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा.
३: २ पळा, २ चाला, ६ वेळा. ४: तेच, पण ४ वेळा.
५: ३ पळा, २ चाला, ५ वेळा. ६: ३ पळा, १ चाला, ६ वेळा.
७: ५ पळा, २ चाला, ४ वेळा. ८: तेच, ३ वेळा.
९: ५ आणि १, ५ वेळा. १०: ८ आणि १, ३ वेळा. ११: १० आणि १, ३ वेळा.
१२: सलग ३० मिनिटं. त्यात ४ किलोमीटर झाले तरी पूर्ण धरा.
एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा. कुणी गुण देत नाही.

मंदगती
वेग किती ठेवायचा ते राहिलं. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त आहे. नव्या माणसाचा योग्य वेग त्याला स्वतःला लाजिरवाणा वाटतो, तोच बरोबर.

सोनचाफा
चौथ्या आणि आठव्या आठवड्यात कमी का केलंय? तेव्हाच तर दम टिकायला लागतो ना

हाडवैरी
ताई, तिथेच तर गोम आहे. दम लवकर वाढतो, दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. हाडं आणि टाचेमागची जाड शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी) त्या वेगाने तयार होत नाहीत. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. नवं हाड भरून पक्कं व्हायला त्यापुढे तीनेक महिने. म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात छाती म्हणते अजून दोन चकरा मार, आणि नडगी तेव्हाच सगळ्यात कच्ची असते. नव्या लोकांची नडगी नेमकी तेव्हाच का धरते, ते यावरून कळेल.

आता नडगीचं दुखणं ओळखायचं कसं. आतल्या कडेने, खालच्या भागात, चार-पाच बोटं लांबीभर दुखतंय, सुरुवातीला जास्त आणि अंग तापल्यावर कमी, तर बहुधा स्नायू हाडाला चिकटतो तिथली सूज. पळणं निम्म्यावर आणा, कडक रस्ता टाळा, आठ-दहा दिवसांत उतरायला लागतं. पण एका बोटाने दाबून "इथेच" असं दाखवता येत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्सरेत तो बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. एक्सरे चांगला आला म्हणून परत पळायला जाऊ नका.

पळपुटा
हाडवैरी काका, नाव बदला, भीती वाटते 😄

रामबागकर
😄

काळी माती
एकदम दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, हा नियम सगळे आठवड्याच्या एकूण बेरजेला लावतात. त्याहून जास्त जपायचं ते एका दिवसाचं अंतर. मागच्या ३० दिवसांतल्या तुमच्या सगळ्यात लांब पळण्यापेक्षा आजचं १० टक्क्यांहून जास्त नको. ६ किलोमीटर झालेले असतील तर पुढचं साडेसहा. बेरीज नीट असते हो, पण रविवारी मित्र भेटतात, गप्पांत ६ चे ९ होतात आणि बुधवारी गुडघा बोलतो.

आणि रस्ता. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने पळालात तर एक पाय कायम खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू किंवा कंबर धरते. गोल चकरा मारणाऱ्यांनी एक दिवस उलट्या दिशेने फिरावं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनची वळणं जास्त आवळलेली, त्यामुळे नव्यांनी बाहेरची लेन धरावी. फक्त आठव्या लेनची एक चक्कर साधारण ४५३ मीटर भरते, हिशोबात धरा, नाहीतर घड्याळाशी भांडत बसाल.

सोनचाफा
थांबा दूध उतू जातंय

जिन्यावरची काकू
पोटऱ्यांचा व्यायाम कुणीच लिहिला नाही! जिन्याच्या पायरीवर पुढचे चवडे, टाचा हवेत, हात कठड्याला. एक सेकंदात वर, क्षणभर थांबा, तीन सेकंद मोजत खाली. दोन्ही पायांवर १५ चे ३ फेरे, दिवसाआड. सोपं वाटलं की एका पायावर. अर्धे फेरे गुडघा सरळ ठेवून, अर्धे किंचित वाकवून. गुडघा वाकवला की पोटरीतल्या आतल्या स्नायूवर जास्त काम येतं आणि पळताना मोठा भार तोच उचलतो. 

टाचेमागची शीर आधीच दुखत असेल तर वर चढायचं दोन पायांनी, उतरायचं दुखऱ्या एकानेच, हळू. पण शीर नेमकी टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवर करा.

मंदगती
पळण्याआधी ताणून धरायचे व्यायाम लोक फार करतात, मला त्यात अर्थ दिसत नाही. त्याने दुखापत टळत नाही. चाल, पाय झुलवणं, थोडं हळू पळणं पुरतं. ताणायचंच असेल तर पळून आल्यावर.

सोनचाफा
आले. बुटांचं सांगा कुणीतरी, दुकानात गेलं की डोकं फिरतं

पळपुटा
संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. पळताना घालता तेच मोजे घालून. उभं राहून अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, कमी असेल तर उतारावर नख काळं पडतं. ५०० ते ८०० किलोमीटरला जोड बदला, वरून नवा दिसला तरी. आणि जाड टाचेच्या बुटावरून एकदम चपट्या बुटावर उडी नको, सगळा भार पोटरीवर येतो. आधी आठवड्यातून एकच दिवस.

काळी माती
पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला चिकटून पाव-अर्धा किलोचा गोळा होतो आणि घोटा मुरगळतो. जून ते सप्टेंबर डांबर बरं. ओले बूट उन्हात नाही, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत.

जिन्यावरची काकू
मे महिन्यात अंतर मोजूच नका. त्याच वेगाला ठोके चढतात, म्हणून मिनिटं मोजा आणि पहाटे पाचला बाहेर पडा. तासाच्या आत परतणार असाल तर सोबत पाणी नको, घरी येऊन प्या. घाम फार जात असेल तर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या पाण्यात घट्ट करू नका.

रामबागकर
झोप राहिली. शनिवारी रात्री बारापर्यंत सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस, मग रविवारी लांब पळणं. दुरुस्तीचं काम झोपेत चालतं.

पळपुटा
भिया, थंडीत गराडू (तळलेला कंद) सोडायचा म्हणजे इंदूर सोडायचं

मंदगती
गराडू सोडू नका, लांब पळणं सोमवारी ठेवा.

सोनचाफा
आणि पळण्याआधी पोहे चालतील का? आमच्याकडे सातला तयार असतात

जिन्यावरची काकू
आधी अर्धं केळं, पोहे आल्यावर. शेव घालायची तर घाल, पण उसळ-पोहे खाऊन तासाभरात पळू नकोस हो बाई.