मुलीला नेमबाजीला घालायचंय, रायफल आधी घ्यावी का?

इचलकरंजीची आई:
नमस्कार. मुलगी 11 वर्षांची, सहावीत आहे. उन्हाळी शिबिरात एअर रायफल हातात आली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. 2024 ला स्वप्नील कुसाळेंनी पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्य मिळवलं, त्यांचं कांबळवाडी आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे घरात या खेळाचं कौतुक आहे. पण सासूबाईंचं म्हणणं, पोरीच्या हातात बंदूक कशाला? आणि शिबिराचे सर म्हणतात, स्वतःची रायफल आणि किट लगेच घ्या, नाहीतर वर्ष वाया जाईल. आकडा लाखांत जातोय. आमचा यंत्रमागाचा धंदा, आत्ता एवढे पैसे काढणं जड आहे. खरंच लागते का रायफल? आणि वय लहान नाही ना?

नेम_धर:
ताई, रायफल घेऊ नका. पहिलं वर्ष तरी मुळीच नको. मी एअर रायफल राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत खेळले, आता कोल्हापुरात लहान मुलांची बॅच बघते, म्हणून ठामपणे सांगते.

वय लहान नाही, पण अंगकाठी बघा. मॅचची रायफल साधारण साडेचार-पाच किलोची असते. तीस-बत्तीस किलोच्या पोरीने ती उभ्याने तासभर पेलली तर कंबर मागे मोडून वजन पाठीवर घेते, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. म्हणून आम्ही सुरुवातीला पुढचा भार स्टँडवर ठेवूनच मारायला देतो. नुसतं उभं राहणं, गाल दरवेळी दांड्यावर त्याच जागी टेकणं, श्वास अर्धा सोडून थांबणं, एवढ्यातच पहिले महिने जातात. ज्या पोरांना याचा कंटाळा येत नाही ती पुढे टिकतात. तुमची मुलगी त्यातली आहे का, हे रायफल विकत घेऊन कळणार नाही, क्लबच्या रायफलवर कळेल. शिवाय मुलं वाढतात. आज अंगाबरोबर शिवलेलं नेमबाजीचं जॅकेट पुढच्या वर्षी खांद्यात बसत नाही.

आता गुणांबद्दल, कारण पालकांची घाई तिथूनच सुरू होते. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. लहान मूल त्या ठिपक्यामागे लागलं की ट्रिगर दाबत नाही, हिसकतं. काळं वर्तुळ पीपमध्ये, म्हणजे नेम धरायच्या भोकात, मधोमध आलं रे आलं, की 'आत्ता!' म्हणून बोट ओढतं आणि शॉट सातात जातो. त्यावर माझा आवडता उपाय म्हणजे कागद उलटा लावायचा. समोर कोरा पांढरा कागद, वर्तुळ नाही, आकडे नाहीत. पाच छर्रे मारायचे आणि भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली ते बघायचं. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी अशीच कोऱ्या कागदावर मारत होती. चार भोकं एकात एक मिसळलेली, पाचवं बोटभर उजवीकडे. मी विचारायच्या आत म्हणाली, "मॅडम, पाचव्याला मी श्वास घेतला." स्वतःचा शॉट असा ओळखता येणं मला त्या वयात शंभरातल्या नव्वदपेक्षा मोलाचं वाटतं. गुण दोन वर्षांनी मागा.

सासूबाईंची भीती मात्र खरी माना आणि त्यांनाच एकदा रेंजवर घेऊन या. कुठल्याही चांगल्या रेंजवर काय दिसायला हवं ते सांगते. रायफल पेटीतून निघते ती नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे आत छर्रा नाही हे दाखवणारी दोरी, घातलेलीच. तोंड कायम टार्गेटकडे. 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा आत जात नाही, 'स्टॉप' म्हटलं की श्वास रोखलेला असला तरी बोट बाहेर. कागद बदलायला कुणीही पुढे जाण्याआधी सगळ्यांच्या रायफली खाली, उघड्या, फ्लॅग लावलेल्या. सर एखाद्या मुलाला 'चालतंय रे, लांबूनच आहे' म्हणाले, तर तिथून मुलीला परत आणा, मग ते कितीही पदकं सांगोत. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायला लावतात का, तेही बघा. पालक हे विचारतच नाहीत.

आणि डोळा तपासून घ्या. दोन्ही तळहातांचा त्रिकोण करून त्यातून लांबची वस्तू बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटवा. ज्या डोळ्याला ती वस्तू त्रिकोणातच दिसत राहते तो तिचा मुख्य डोळा. उजव्या हाताची आणि डाव्या डोळ्याची मुलं बरीच असतात. हे आधीच कळलं तर पुढचा त्रास वाचतो.

एनसीसी_जुना:
मॅडमशी सहमत. खिशाला परवडणारी आणखी एक वाट सांगतो. मुलगी आठवीत गेली की शाळेत एनसीसी असेल तर घाला. तिथे .22 रायफल (छर्र्याची नाही, काडतुसाची) सरकारी खर्चाने हाताळायला मिळते. ऑलिंपिक नेमबाज अंजली भागवत एनसीसीतूनच पुढे आल्या. आणि राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीची (खेळाडू मुलांना निवासी प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था) चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करून ठेवा. कुसाळे नाशिकच्या प्रबोधिनीत घडले, त्यांच्या घरी काही पैशांचा ढीग नव्हता.

ठाण्याचा_बाबा:
माझा मुलगा 13 चा, पिस्तुल मारतो. एवढंच सांगतो की शनिवार-रविवार दोन्ही जातात, घरातल्या सगळ्यांचे. ती तयारी असेल तरच सुरू करा.

इचलकरंजीची आई:
मनापासून आभार. रायफल नाही घेत. एकच विचारते, कोल्हापूरला आठवड्यातून दोनदाच आणता येईल. मग घरी काही सराव होतो का? आणि परवाना लागतो का, सासूबाई विचारतायत.

नेम_धर:
छर्र्याचा जोर 20 ज्यूलपर्यंत असलेल्या, 0.177 बोअरच्या (म्हणजे साडेचार मिलिमीटर छर्र्याच्या) एअर रायफलला परवाना लागत नाही, .22 ला लागतो. पण परवाना लागत नाही म्हणून ती घरात आणू नका, विशेषतः धाकटं भावंड असेल तर.

दोनदा पुरतं. घरी पोट आणि पाठ बळकट करा. प्लँक, एका पायावर उभं राहणं, मग तेच डोळे मिटून. संध्याकाळी दहा मिनिटं, रोज. दोरीच्या उड्या चालतील. आणि रेंजवरून आली की तिला एक वही द्या, कुठला शॉट का गेला ते तिच्या भाषेत लिहू दे. वाचून चुका काढू नका, मला आणून दाखवू दे. दुधाळीच्या रेंजला आलात तर सकाळची बॅच बघा, मुलं तेव्हा ताजी असतात. येताना चष्म्याचा नंबर तपासलेला असू दे.